मोटार प्रवास, आंतरराष्ट्रीय

स्वतःची मोटारगाडी, मोटारसायकल किंवा तत्सम खाजगी वाहन बरोबर घेऊन खुष्कीच्या मार्गाने एका देशातून दुसऱ्या देशात केलेला प्रवास. प्रवाशाच्या दृष्टीने ही सहल असली, तरी सीमाशुल्काच्या कायद्याच्या दृष्टीने ती वाहनाची आयात होय. सीमेवरील फाटक ओलांडून गाडीची चाके पलीकडच्या भूमीवर टेकली की त्या देशात एक मौल्यवान, करपात्र वस्तू आलेली असते. ती तेथे विकली जाणार नाही आणि ठराविक मुदतीत देशाबाहेर परत जाईल, याची खात्री पटल्याशिवाय तेथील सरकार ती कर न घेता आत सोडत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार प्रवासाचे बहुतेक नियम, कागदपत्रे आणि अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात. रस्ते, हवामान व यांत्रिक बिघाड यांची चिंता प्रवासी आधीपासून करीत असतो. परंतु मोठा आर्थिक धोका असतो तो सीमेवर न घेतलेल्या एका शिक्क्यामुळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात मोटारी वाढू लागल्या, तेव्हा प्रत्येक सीमेवर गाडीच्या आयात कराइतकी रक्कम रोख अनामत ठेवावी लागे आणि बाहेर पडताना ती परत मिळे. प्रवेश एका चौकीतून व निर्गमन दुसऱ्या चौकीतून झाल्यास ही रक्कम परत मिळविणे जिकिरीचे होई. त्यावर मोटार-मालकांच्या क्लबांनी तोड काढली. क्लबाने आपल्या सभासदाबद्दल हमी द्यावी, त्या हमीवर सीमाशुल्क खात्याने गाडी आत सोडावी आणि गाडी परत न गेल्यास कर क्लबाकडून वसूल करावा, अशी ही योजना होती. या हमीच्या पत्रकाचे तीन भाग असत. त्यावरून त्यास ‘त्रिप्तिक’ हे नाव पडले. त्रिप्तिक एकाच देशापुरते चालते. अनेक देशांतून जाणाऱ्याच्या सोयीसाठी अशा त्रिभागी पत्रकांची पुस्तिका निघाली. तिचे फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’ म्हणजे सीमाशुल्क नाक्यावरून पार होण्याची पुस्तिका असे असून व्यवहारात तिला नुसते ‘कार्ने’ म्हणतात. १८९८ मध्ये स्थापन झालेला ‘आल्यांस इंतरनासिओनाल द तुरिझ्म’ हा पर्यटन क्लबांचा संघ आणि १९०४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ यांच्या संलग्न क्लबांमार्फत ही पद्धती जगभर पसरली. पुढे हे दोन्ही संघ एकत्र आले.

आरंभी ही व्यवस्था क्लब आणि निरनिराळ्या देशांची सीमाशुल्क खाती यांच्यातील समजुतीवर चालत असे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधीचा करार झाला व तो १९५७ च्या अखेरीस अंमलात आला. भारत या कराराचा सभासद आहे. मालमोटारी व प्रवासी बस यांसारख्या व्यापारी वाहनांसाठी १९५६ मध्ये जिनीव्हा येथे वेगळा करार झाला. तात्पुरत्या आयातीच्या सर्व प्रकारांना एकत्र आणणारा इस्तंबूल करार १९९० सालचा होय. मात्र मोटार प्रवाशाच्या हाती असलेल्या कार्नेचे स्वरूप त्याने फारसे बदलले नाही.

कार्नेची रचना व वापर : कार्नेच्या मुखपृष्ठावर धारकाचे नाव व पत्ता, कार्ने देणाऱ्या संस्थेचे नाव, मुदत आणि वाहनाचे वर्णन असते. हे वर्णन बारकाईचे असते : नोंदणी क्रमांक, निर्मितीचे वर्ष, चॅसिस क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सिलिंडरांची संख्या, वजन, रंग, आसनांची संख्या व आच्छादन, रेडिओ, जादा टायर आणि वाहनाची किंमत. तेच वर्णन आतील प्रत्येक पानावर येते. गाडीला जोडलेल्या अनुयानासाठी स्वतंत्र कार्ने घ्यावे लागते. वाटेत इंजिन बदलले तर क्रमांक जुळत नाही व पुढच्या सीमेवर हे दुसरेच वाहन असल्याचा संशय येतो, म्हणून असा बदल संबंधित संस्थेकडून कार्नेवर नोंदवून घेणे आवश्यक असते.

पुस्तिकेत पाच, दहा किंवा पंचवीस पाने असतात व एका देशाच्या एका भेटीस एक पान लागते. पानाचे आडवे तीन भाग केलेले असतात. सर्वांत खालचा भाग प्रवेशपत्र होय. देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी वाहन तपासून त्यावर शिक्का मारतो आणि तो फाडून आपल्याजवळ ठेवतो. मधला भाग निर्गमनपत्र. तो देश सोडताना फाडून घेतला जातो. वरचा भाग म्हणजे स्थळप्रत. ती पुस्तिकेतच राहते व तिच्यावर एका बाजूस प्रवेशाचा आणि दुसऱ्या बाजूस निर्गमनाचा शिक्का येतो. स्थळप्रतीवर हे दोन्ही शिक्के असले, म्हणजे त्या देशापुरते दायित्व संपले. प्रवास आटोपल्यावर पुस्तिका देणाऱ्या संस्थेकडे परत करावयाची असते. संस्था प्रत्येक स्थळप्रत तपासते आणि मगच अनामत रक्कम मोकळी करते. कार्नेची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. परंतु कार्ने वर्षभर चालते म्हणून वाहन एकाच देशात वर्षभर ठेवता येते, असा त्याचा अर्थ नव्हे. किती दिवस ठेवावयाचे हे तो देश ठरवितो व ती तारीख प्रवेशाच्या वेळी घातलेली असते. ती अधिकाऱ्यासमोरच वाचून घेणे इष्ट.

कार्नेला वाहनाचा पासपोर्ट म्हणण्याची रूढी आहे. ती तितकीशी बरोबर नाही. पासपोर्टावरून धारकाची ओळख पटते. कार्ने हे मुख्यत्वे हमीपत्र आहे. प्रत्येक सभासद देशात एक हमीदार संस्था असून ती तेथील सीमाशुल्क खात्यास जबाबदार असते. तिने भरलेली रक्कम कार्ने देणाऱ्या संस्थेकडून आणि त्या संस्थेने ती धारकाकडून वसूल करावयाची, अशी ही साखळी आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला प्रवासी असतो आणि भार अखेर त्याच्यावरच पडतो.

१९५४ च्या कराराने काही छोट्या पण उपयुक्त सवलती दिल्या आहेत. वाहनाच्या नेहमीच्या टाकीत असलेल्या इंधनावर कर घेतला जात नाही. दुरुस्तीसाठी बाहेरून मागविलेला सुटा भाग तात्पुरता म्हणून करमुक्त येऊ शकतो. पण काढलेला जुना भाग परत न्यावा लागतो, सरकारजमा करावा लागतो किंवा अधिकाऱ्याच्या देखत नष्ट करावा लागतो. धारकाने अधिकार दिल्यास दुसरी व्यक्ती वाहन चालवू शकते, मात्र तीही त्या देशाबाहेरची रहिवासी असावी लागते. स्थानिक मित्राच्या हाती गाडी देणे सौजन्याचे वाटले, तरी कराराच्या दृष्टीने ते सवलतीचे उल्लंघन ठरू शकते.

शिक्का राहून गेल्यास : रात्रीची वेळ, गर्दी, भाषेची अडचण किंवा अनभिज्ञ अधिकारी यांमुळे निर्गमनाचा शिक्का न घेताच प्रवासी पुढे जातो, असे घडते. गाडी प्रत्यक्षात देशाबाहेर गेलेली असली, तरी त्या देशाच्या दप्तरात ती आतच राहते. अशा वेळी करारातील मुदती प्रवाशाच्या उपयोगी पडतात. कार्ने निकालात निघाले नाही, हे सीमाशुल्क खात्याने कार्नेची मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत हमीदार संस्थेस कळविले पाहिजे. न कळविल्यास कराची मागणी करता येत नाही. कळविल्यानंतर वाहन बाहेर गेल्याचा पुरावा देण्यासाठी संस्थेला एक वर्ष मिळते. पुरेसा पुरावा म्हणजे पुढील देशाचा प्रवेशाचा शिक्का, किंवा वाहन अमुक दिवशी अमुक ठिकाणी प्रत्यक्ष पाहिल्याचे वकिलातीचे अथवा सीमाशुल्क कचेरीचे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राचा नमुना कार्नेच्या अखेरीस छापलेला असतो. गाडी मायदेशी परतल्यावर ती तेथील अधिकाऱ्यास दाखवून हे प्रमाणपत्र घेऊन ठेवण्याची सावधगिरी बहुतेक संस्था सुचवितात.

वाहनच परत नेण्याजोगे राहिले नाही, तर प्रश्न अधिक बिकट होतो. अपघातात गाडीचा चुराडा झाल्यास तिचे अवशेष कर भरून तेथेच ठेवणे, ते विनामोबदला सरकारजमा करणे किंवा सरकारी देखरेखीखाली नष्ट करणे, असे पर्याय करारात आहेत. यांपैकी कोणताही पर्याय अधिकाऱ्याच्या लेखी संमतीवाचून पुरा होत नाही. घाटातील दरीत गाडी सोडून प्रवासी विमानाने परतला, तर त्याचे दायित्व कायम राहते. सरकारी कारवाईत वाहन जप्त झाल्यास जप्तीच्या काळापुरते पुनर्निर्यातीचे बंधन स्थगित होते. चोरीची बाब वेगळी आहे. चोरीला गेलेली गाडी त्या देशातच, म्हणजे करपात्र स्थितीत, राहिलेली असते. त्यामुळे कर आपोआप माफ होत नाही व गाडी गमावलेल्या माणसाकडेच तिच्या कराची मागणी येऊ शकते. ही तरतूद अन्यायाची वाटली, तरी तिच्यामागील भीती निराधार नाही. ज्या देशांत परदेशी मोटारींना मोठी किंमत येते, तेथे चोरीची फिर्याद हा गाडी विकण्याचा सोपा मार्ग ठरू शकतो.

काही देश कार्नेऐवजी वाहनाची नोंद प्रवाशाच्या पासपोर्टाशी जोडतात. तुर्कस्तानात ही पद्धत असून गाडी आत असताना तिच्या धारकाला एकट्याने देश सोडता येत नाही. घरी आजारपण वा मृत्यू घडून तातडीने परतावे लागले, तर आधी गाडी सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात देऊन नोंद मोकळी करून घ्यावी लागते.

हमीची रक्कम : कार्ने देताना संस्था धारकाकडून रोख अनामत, बँकेची हमी किंवा विमा घेते. ही रक्कम प्रवासातील देशांपैकी ज्या देशाचा आयात कर सर्वांत जास्त, त्यावर ठरते. जुन्या मोटारींवर किमतीहून अधिक आयात कर आकारणारे देश वाटेत असल्यास हमी वाहनाच्या किमतीच्या वर जाते. भारत अशा देशांपैकी एक आहे. त्यामुळे जुनी, स्वस्त गाडी घेऊन निघणाऱ्यालाच नव्हे, तर बऱ्यापैकी संपन्न प्रवाशालाही ही अट जड जाते. रक्कम बुडत नसली तरी वर्षभर अडकून पडते. परिणामी या प्रवासाची पहिली चाळणी सीमेवर लागत नाही, ती बँकेत लागते.

कार्ने सर्वत्र लागत नाही. ते मुख्यतः दक्षिण व पश्चिम आशियातील आणि आफ्रिकेतील अनेक देशांत, तसेच ऑस्ट्रेलियात मागितले जाते. भारत, पाकिस्तान, इराण, नेपाळ व ईजिप्त ही त्याची ठळक उदाहरणे होत. ईजिप्तमध्ये त्याखेरीज तात्पुरत्या स्थानिक क्रमांकपट्ट्याही लावाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात सीमाशुल्काइतकीच जैवसुरक्षेची तपासणी कडक असून चाकांच्या खाचांत परदेशची माती आढळल्यास गाडी धुऊन घेण्याचा खर्च मालकावर पडतो. यूरोपीय संघात परदेशस्थ प्रवाशाला खाजगी वाहन सर्वसाधारणपणे सहा महिने करमुक्त ठेवता येते व त्यासाठी हमी मागत नाहीत. रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान इ. देशांच्या यूरेशियाई आर्थिक संघात सीमेवर तात्पुरत्या आयातीचे घोषणापत्र करून देतात. दक्षिण आफ्रिकेच्या सीमाशुल्क संघातील देशांत पहिल्या देशात शिरताना व शेवटच्यातून बाहेर पडताना असे दोनदाच कार्नेवर शिक्के लागतात. लॅटिन अमेरिकेत बहुधा सीमेवरच तात्पुरता परवाना देतात. तेथील खरा अडसर भूगोलाचा आहे. पनामा व कोलंबिया यांच्या दरम्यान सु. १०० किमी. दलदलीच्या अरण्यात रस्ताच नसल्याने गाडी जहाजाने न्यावी लागते. चीनची रीत सर्वांहून निराळी आहे. तेथे कार्ने व आंतरराष्ट्रीय वाहन चालन परवाना या दोहोंना मान्यता नाही. प्रवासाचा मार्ग आगाऊ ठरवून अधिकृत पर्यटन संस्थेमार्फत परवानगी, चिनी तात्पुरता परवाना व क्रमांकपट्टी घ्यावी लागते आणि सबंध प्रवासात मार्गदर्शक बरोबर ठेवावा लागतो.

चालक, चिन्ह व विमा : वाहन आत आले तरी ते चालविण्याचा अधिकार हा वेगळा प्रश्न असतो. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसंबंधीचा पहिला करार ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे झाला. १९२६ च्या पॅरिस करारानंतर आणखी दोन महत्त्वाचे करार झाले : १९४९ चा जिनीव्हा करार व १९६८ चा व्हिएन्ना करार. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन चालन परवाना जिनीव्हा करारानुसार असतो, तो प्रादेशिक परिवहन कार्यालय देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. तो मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर असल्याने मूळ परवाना जवळ नसेल तर त्याचा उपयोग नाही.

वाहनाच्या मागील बाजूस लावावयाचे देशाचे लंबवर्तुळाकार चिन्ह १९०९ च्या करारापासून चालत आले आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असे त्याचे रूप आहे. जिनीव्हा करारानुसार तीन अक्षरांच्या चिन्हाचे माप किमान २४० × १४५ मिमी. आणि अक्षरांची उंची किमान ८० मिमी. असावी लागते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानासाठी ‘बी आय’ ही अक्षरे होती. स्वातंत्र्यानंतर ‘आय एन डी’ ही आली. नोंदणी क्रमांकही लॅटिन लिपीतील अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांत असावा, अशी अट आहे. महाराष्ट्रात काही हौशी मालक देवनागरीतील क्रमांकपट्ट्या लावतात. त्या देशातही नियमाला धरून नाहीत, सीमेपलीकडे तर मुळीच चालत नाहीत.

विम्याच्या बाबतीत जग तुकड्यांत विभागलेले आहे. भारतीय विमापत्राचे संरक्षण साधारणतः सीमेवर संपते. यूरोपात त्रयस्थाला होणाऱ्या हानीबद्दलच्या विम्याची ‘ग्रीन कार्ड’ पद्धती १९५३ पासून चालू असून तुर्कस्तान, इराण, मोरोक्को हे देशही तीत आहेत. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पिवळ्या आणि पश्चिम आफ्रिकेत तपकिरी कार्डाची तशीच व्यवस्था आहे. दक्षिण आशियात असे सामाईक कार्ड नसल्याने प्रत्येक देशात नवा विमा घ्यावा लागतो.

रस्त्याची बाजू बदलणे ही बाब किरकोळ वाटते, पण तिच्यातून गंभीर अपघात संभवतात. भारत व पाकिस्तान येथे वाहने डावीकडून, तर इराण व अफगाणिस्तान येथे उजवीकडून चालतात. पूर्वेकडे हा बदल वारंवार होतो : भारतात डावी बाजू, म्यानमारमध्ये १९७० पासून उजवी, थायलंडमध्ये डावी आणि लाओसमध्ये पुन्हा उजवी. भारतीय मोटारीचे सुकाणूचक्र उजवीकडे असल्याने उजव्या बाजूने चालताना पुढील वाहनास ओलांडण्यापूर्वी समोरचे दिसत नाही आणि शेजारी बसलेल्या सोबत्याच्या नजरेवर भिस्त ठेवावी लागते. दिव्यांचा झोतही समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडतो. त्यासाठी काचेचा काही भाग झाकतात.

यूरोप-भारत मार्ग : मेजर फोर्ब्स-लीथ यांनी १९२४ मध्ये वूल्झ्‌ली मोटारीने इंग्लंडहून क्वेट्ट्यापर्यंत प्रवास केला. दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गाला बहर आला. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुणांनी दोन लँडरोव्हर गाड्यांतून लंडन ते सिंगापूर हे अंतर १ सप्टेंबर १९५५ ते ६ मार्च १९५६ या काळात पार केले. आसामातील लेडो येथून ब्रह्मदेशात उतरणारा युद्धकालीन रस्ता त्यांनी वापरला. १९५७ च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघालेली ‘इंडियामन’ ही प्रवासी बस जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली. १९६८ च्या लंडन-सिडनी मोटार शर्यतीत ९८ मोटारी निघाल्या. त्यांतील ७२ मुंबईस पोहोचल्या आणि तेथून ‘चूसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल येथे गेल्या. मुंबई हे त्या खुष्कीच्या मार्गाचे टोक ठरले ते अशा रीतीने.

१९६० व १९७० च्या दशकांत इस्तंबूल, एर्झुरुम, तब्रीझ, तेहरान, मेशेद, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर खिंड, पेशावर, लाहोर व अमृतसर हा मार्ग हजारो तरुण प्रवाशांनी तुडविला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यानंतर हा राजरस्ता मोडला. पुढे यूरोपातून येणारी वाहने इराणमधील झाहेदान, सीमेवरील ताफ्तान व तेथून क्वेट्टा या बलुचिस्तानच्या वाळवंटी वाटेने येऊ लागली.

भारत : देशात मोटार-मालकांच्या संघटना प्रांतवार उभ्या राहिल्या. कलकत्त्याची १९०४ मधील पूर्व भारत संघटना आणि मुंबईची १९१९ मधील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या त्यांतील जुन्या संस्था होत. अशा संघटनांचा मध्यवर्ती महासंघही मुंबईत आहे. महाराष्ट्रातील वाहन-मालकाला कार्नेसाठी मुंबईच्या संघटनेकडे वाहनाची कागदपत्रे, प्रवासमार्ग व बँकेची हमी सादर करावी लागते. स्वदेशी परतताना हेच वाहन येथून गेले होते, हे इंजिन व चॅसिस क्रमांकांवरून सीमाशुल्क खात्याला पटवावे लागते. म्हणून निघताना निर्गमनाची नोंद करून घेणे महत्त्वाचे असते.

परदेशी प्रवाशाने कार्नेवर आणलेले वाहन भारतात सहा महिन्यांपर्यंत करमुक्त राहू शकते. परदेशी नोंदणीच्या खाजगी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार नोंदणी प्रमाणपत्र, चालन परवाना, विमा व प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र वाहनात ठेवावे लागते. कागदपत्रे अन्य भाषेत असल्यास अधिकृत इंग्रजी भाषांतर लागते आणि अशा वाहनातून स्थानिक उतारू अथवा माल नेता येत नाही.

उपखंडातील सीमाशुल्काच्या सीमा स्वातंत्र्योत्तर काळात अनेकदा बदलल्या. फाळणीपूर्वी मुंबईची मोटार कोणत्याही हमीपत्राशिवाय पेशावरपर्यंत जाई. उलटपक्षी बेळगाव किंवा सावंतवाडीहून गोव्यात जाणारे वाहन १९६१ पर्यंत पोर्तुगीज सरकारच्या हद्दीत, म्हणजे परदेशात, शिरत असे. १९५५ पासून भारताने घातलेल्या निर्बंधांमुळे ही रहदारी जवळजवळ थांबली व १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती सीमाच उरली नाही.

भारतीय वाहनाला सर्वांत सुलभ परदेश नेपाळ होय. रक्सौल, सुनौली इ. ठिकाणी ‘भन्सार’ म्हणजे सीमाशुल्क कचेरीत दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरून भारतीय खाजगी वाहन आत नेता येते. मात्र वर्षातून एकूण ३० दिवसांहून अधिक काळ ते तेथे ठेवता येत नाही. कार्नेची अट तेथे इतर देशांच्या वाहनांना आहे. भूतानमध्ये फुंतशोलिंग येथे परवाना मिळतो. बांगला देश, भूतान, भारत व नेपाळ यांनी आपसांतील वाहनांच्या ये-जा संबंधी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे करार केला. परंतु भूतानच्या संसदेची मान्यता न मिळाल्याने उरलेल्या तीन देशांनी पुढे जाण्याचे ठरविले. मालवाहतुकीच्या मोहोरबंद वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय ‘टीआयआर’ करारात भारत २०१७ मध्ये सामील झाला. त्याचा खाजगी प्रवाशाशी संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे त्याचे कार्ने व येथील कार्ने यांत गफलत होते, एवढ्यासाठी तो नमूद केला.

पूर्वेकडे मणिपुरातील मोरे व म्यानमारमधील तामू येथील सीमा ऑगस्ट २०१८ मध्ये पासपोर्टधारक प्रवाशांसाठी रीतसर खुली झाली आणि मोरेपासून थायलंडच्या सीमेवरील माय सोतपर्यंत नियोजित त्रिदेशीय महामार्गामुळे आशा वाढल्या. त्या काळातही म्यानमारमध्ये परदेशी वाहनासाठी आगाऊ परवानगी व मार्गदर्शक आवश्यक होता, तर थायलंडने २०१६ पासून बहुतेक परदेशी वाहनांना स्थानिक संस्थेमार्फत आगाऊ परवानगीची अट घातली होती. २०२० मधील महामारी आणि फेब्रुवारी २०२१ मधील म्यानमारचा लष्करी उठाव यांमुळे हा मार्ग खंडित झाला. पश्चिमेकडे भारतीय नागरिकाला स्वतःच्या वाहनाने पाकिस्तानातून जाण्याची अनुमती क्वचितच मिळत आली आहे. परदेशी प्रवाशांना मात्र अटारी-वाघा हे फाटक दीर्घकाळ उपलब्ध होते. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारी येथील चौकी बंद केली. या परिस्थितीत मुंबई वा पुण्याहून यूरोपकडे निघणाऱ्या मोटार प्रवाशापुढे दोन वाटा उरल्या : नेपाळमधून तिबेट व मध्य आशियाकडे जाणारी, चिनी परवानगीवर अवलंबून असलेली वाट, किंवा न्हावाशेवा येथून पेटिकेत गाडी चढवून इराणचे बंदर अब्बास अथवा दुबईजवळचे जेबेल अली गाठणारी सागरी वाट. दुसऱ्या वाटेने गेल्यास कार्नेवरील पहिला शिक्का बंदरात बसतो आणि गाडीची पेटी उघडेपर्यंत भाडे व धक्काशुल्क चालू राहते.